उंच टेकडीचा धान

तालुक्याच्या कृषी कार्यालयातला तो कम्प्युटरवाला कशालाच होय म्हणत नसे. चहा घेतला का विचारलं तरी म्हणे, "बहुतेक." मला राग यायचा. मी चौथी शिकलेला माणूस, पण आमच्याकडे होय तं होय, नाही तं नाही.

कम्प्युटरला काही विचारताना तो आवाज बारीक करायचा. "थांबा बाबाजी, विचारून राहिलो." मग गावोगावच्या नोंदी गोळा होऊन पडद्यावर टेकड्या उठायच्या, धानाच्या एकेका जातीची एकेक टेकडी, पायथ्याशी तारखा. जिथे टेकडी उंच, त्या दिवसांत धान पिकायचा संभव जास्त. माझा जुना धान लुचई, त्याची टेकडी बुटकी न् पसरट निघाली. नवा धान सुळक्यासारखा उभा.

"तुमचा धान महिनाभरात कवाही पिकते, बाबाजी. नवा एकाच हप्त्यात."

जन्मभर मी लुचईच लावली. यंदा मात्र नवा धान लावला.

"काऊन बदलला?" त्याने विचारलं.

गावात कोणाला सांगितलं नाही, त्याला सांगितलं. लेक दूर नांदते. तिला चारच दिवस सुटी मिळते, कापणीला बोलवायचं तर दिवस आधी कळवावा लागतो.

"येईल का ती?" मी विचारलं.

त्याने कम्प्युटरवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "येईल," म्हणाला. एवढंच.

धान सांगितल्या हप्त्यातच पिकला. हप्ताही सरला. कापणाऱ्या बाया रोज बांधावर येऊन विचारतात, "आज लावाचा का इळा, बाबाजी?"

लेक ज्या रस्त्यानं येते त्या कोहमाऱ्याच्या रस्त्याकडे मी पाहतो न् म्हणतो, "उद्या. बहुतेक."