चक्कीतला नंबर

मेडशीला नवी नवरी म्हणून आले, त्याच वर्षी मी चक्कीत दुसरीचा नंबर चोरला. आज माझ्या चष्म्याचा नंबर वाढला म्हणून नातीनं मोबाइलवरून डॉक्टरांकडे नंबर लावला, आणि मला एकदम गरम पिठाचा वास आला.

तेव्हा चक्कीत बाया नाही, डबे रांगेत बसत. डबा ठेवला की नंबर लागला, बाई खुशाल घरी जाई. मला मात्र लवकर दळून नेऊन सासूची शाबासकी हवी होती. कोणी बघत नाही असं पाहून मी शेजारच्या गंगाकाकूंचा डबा मागे सरकवला आणि माझा पुढे केला. माझे गहू दळून झाले नि लाइट गेली.

काकू धावत आल्या. लेकीला बघायला पाहुणे येऊन बसलेले आणि घरात चिमूटभर पीठ नाही. मी रडत सगळं कबूल केलं. पिठानं माखलेल्या तोंडावर आसवं, म्हणजे कणकेचा गोळाच दिसत असेन.

काकूंनी माझा गरम डबा कमरेवर घेतला आणि म्हणाल्या, "रडू नको वं. पीठ तुह्यावालं हाय, त पाव्हण्यायच्या पोळ्या बी तूच लाट. चाल."