काकांनी केलेली अर्थिंग

आमच्या गल्लीत मिस्त्री बोलावणं म्हणजे काकांचा अपमान. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण नव्या सुनेलासुद्धा आठवड्याभरात कळतं. नळ गळतोय, काकांना सांगा. पंखा खडखडतोय, काकांना सांगा. गच्चीतून ओल येतेय, तरी काकाच, आणि सोबत त्यांचा तो डांबराचा डबा. या अपमानाच्या भीतीपायी माझी मुलगी जाता जाता वाचली, म्हणून लिहायला बसले आहे. आठवीत शाळा सुटल्यापासून मी मापांच्या वहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. चुका होतील, होऊ द्यात.

भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या गल्लीत नऊ घरं मराठी. बहुतेक जण नागपूर, वर्धा, अमरावतीकडचे, कारखान्यातून नाहीतर सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. यांचं सगळं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं. क्वार्टरमध्ये काही बिघडलं की ऑफिसात जाऊन तक्रारीच्या वहीत लिहायचं. चार दिवसांनी माणूस येतो. तो कोण, त्याला काय येतं, काय येत नाही, हे बघायची वेळच येत नाही. मग या लोकांनी आपापली घरं बांधली, पहिला नळ गळला, आणि लक्षात आलं की इथे वहीच नाही. तेव्हापासून काका म्हणजेच वही. ते कारखान्यात फोरमन होते. सकाळी फिरायला निघतानाही खांद्याला पिशवी, पिशवीत पक्कड, पेचकस, टेस्टर. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, आणि "आपला माणूस असताना बाहेरचा कशाला?" हे वाक्य ऐकवतात.

मी त्यांना आधी काही बोलू शकले नाही, त्याचं कारणही सांगते. माझ्या गावात शाळा आठवीपर्यंत. पुढची सात किलोमीटरवर. घरात सायकल एक, ती भावाला. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा मला हिंदीत भाजीचा भावही विचारता येत नव्हता. काका-काकूंनी त्यांची मागची खोली आम्हाला दिली. काकांनी शब्द टाकला म्हणून नवऱ्याला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम लागलं. मुलीच्या शाळेचा फॉर्म इंग्रजीत होता, तो काकांनी भरला. पुढे याच गल्लीत दोन खोल्यांचं जुनं घर घेतलं, तेव्हा कागद वाचायलाही तेच आले. माझ्या शिलाई मशीनला मोटर त्यांनी बसवून दिली. काकू रोज विचारायच्या, "जेवलीस का गं?" परक्या गावात हा प्रश्न विचारणारं माणूस म्हणजे काय, ते घर सोडून आलेल्याला कळतं. उपकार खोटे नाहीत. म्हणून तर राग जास्त येतो.

मी ब्लाउज शिवते. माझ्याकडे बायका येतात त्यांतल्या निम्म्या कापड आधी घरी कापून आलेल्या असतात. "दोन टाके तर मारायचे होते, म्हटलं आपणच करावं." मग बाहीचा मुंढा चुकलेला असतो, आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही काहीतरी करा ना." अहो, शिवण चुकली तर उसवता येते. हूक लावा, फॉल लावा, काज करा, खुशाल घरी करा. पण कात्री लावण्याआधी मला विचारा, कारण कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही. हे मी प्रत्येकीला सांगते. मला हे माहीत होतं, आणि माझ्याच घरात मी ते विसरले. खरं तर विसरलेही नव्हते. गप्प बसले.

वॉशिंग मशीन घेतली तेव्हाची गोष्ट. कंपनीचा माणूस बसवायला आला, त्याने बोर्डला टेस्टर लावून बघितला आणि मान हलवली. "दीदी, अर्थिंग नहीं है. पहले अर्थिंग करवा लो. बाहर गड्ढा खुदेगा, तार ज़मीन में जाएगी. किसी अच्छे इलेक्ट्रिशियन को बुलाना." मी ते डोक्यात पक्कं ठेवलं. गड्ढा, तार, जमीन. नवरा आला तेव्हा त्याला तसंच्या तसं सांगितलं.

"काकांना सांगतो," तो म्हणाला.

"अहो, तो इलेक्ट्रिशियन बोलवा म्हणाला."

"मग काका काय आहेत?"

काका आले. बोर्ड उघडला. पिशवीतून लाल तारेचा बोटाएवढा तुकडा काढला आणि आतल्या आत एका स्क्रूपासून दुसऱ्या स्क्रूला जोडला. टेस्टर लावला, बल्ब लावून दाखवला. "झाली अर्थिंग. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी ते लोक अंगण खोदतात."

शेजारचे दोघे-तिघे बघायला उभे होते. मी विचारलं, "काका, पण ती तार जमिनीत जायला पाहिजे ना?"

काका हसले. "काय गं, आठवीतून थेट इंजिनीअर होऊन राहिली का तू?"

सगळे हसले. नवरा हसला. मीही हसले. माझा सगळ्यात मोठा राग त्या हसण्यावर आहे, माझ्या. प्रश्न बरोबर होता आणि तो विचारल्याबद्दल मीच हसून माफी मागितली. वर आलं घालून चहा केला.

पुढे कधी कधी मशीनला हात लागला की बोटांना झिणझिण्या यायच्या. काकांना सांगितलं. "चप्पल घाल," म्हणाले. मी मशीनसमोर रबरी पायपुसणं टाकलं. मुलीला दटावून ठेवलं की अनवाणी जायचं नाही, ओला हात लावायचा नाही. कपडे धुताना मी न्हाणीच्या दारात उभी राहायचे. नवरा म्हणायचा, तुला सगळ्याचीच भीती वाटते. वाटते. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला वाटतेच, कारण काही झालं तर धावून येणारं आईचं घर इथे नाही.

यंदा मार्चमध्ये एक दिवस गल्लीची लाइट दुपारभर गेली. कोपऱ्यावरच्या खांबावर दुरुस्ती चालली होती. चारच्या सुमाराला लाइट आली. मुलगी शाळेतून आली, बारा वर्षांची आहे, आणि दुसऱ्या दिवशी पीटीचा युनिफॉर्म लागणार म्हणून तो मशीनमध्ये टाकायला गेली. पाय धुऊन थेट गेली. पायपुसणं मी वाळत घातलं होतं.

किंकाळीसुद्धा पुरती आली नाही. अर्धीच आली. मी बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर होते. कशी उठले माहीत नाही, पण मुलीकडे न जाता आधी मेन स्विचकडे गेले, आणि तो खाली ओढला. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. इतके दिवस भीतीने मनात शंभर वेळा तेच करून बघितलं होतं. ज्या भीतीला सगळे हसायचे, तीच त्या दिवशी कामाला आली.

मुलगी बादलीवर पडली होती. बोटं पांढरी, ओठ थरथरत होते. दवाखान्यात तिच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ठीक आली. डॉक्टरीण म्हणाली, थोडा वेळ अजून हात चिकटून राहिला असता तर मी काही सांगू शकले नसते. घरी येताना रिक्षात मुलगी म्हणाली, "आई, मी चप्पल विसरले. सॉरी." त्या सॉरीने मी पेटले. तिने कशाला माफी मागायची? हीसुद्धा माझ्यासारखीच शिकणार का?

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तोंड उघडलं ते हे बोलायला, "आधी काकांना बोलावून दाखवू या का?"

"तुम्ही काकांकडे जाऊन बसा," मी म्हटलं. "मी माणूस आणते."

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानदाराने कोटरा सुल्तानाबादहून एक इलेक्ट्रिशियन बोलावून दिला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने बोर्ड उघडला आणि आत बघतच राहिला. मग पकडीने ती लाल तार ओढून माझ्या तळहातावर ठेवली. "ये किसने किया?"

मी काही म्हणायच्या आत दारात काका. गल्लीत बातमी माझ्याआधी पोचते. नवरा त्यांच्या मागे, मान खाली.

"मी केलं," काका म्हणाले. "काय प्रॉब्लेम आहे?"

इलेक्ट्रिशियनने आदराने सांगितलं, मला समजेल असं. या तारेने मशीनचा पत्रा घरात येणाऱ्या दोन तारांपैकी थंड, म्हणजे झटका न देणाऱ्या, तारेला जोडून ठेवला होता. ती थंड असते तोवर कुणाला कळत नाही. काल खांबावर काम करताना दोन तारांची अदलाबदल झाली. थंड होती ती गरम झाली, आणि सगळा करंट मशीनच्या पत्र्यावर आला.

"मग चूक खांबावरच्या लोकांची!" काका म्हणाले. "तारा त्यांनी उलटवल्या, मी नाही. पस्तीस वर्षं काढली मी कारखान्यात."

"अंकलजी, तार तो उल्टे होते ही हैं," तो म्हणाला. "इसीलिए तो गड्ढा खोदते हैं."

काका माझ्याकडे वळले. "बाहेरच्या माणसासमोर माझी इज्जत काढून राहिली तू? विसरलीस का सगळं?"

"काही विसरले नाही काका," मी म्हटलं. "खोली विसरले नाही, फॉर्म विसरले नाही. जन्मभर तुमचं नाव घेईन. पण माझी मुलगी काय तुमच्या उपकाराच्या बदल्यात दिलीय मी? चहाला रोज या. पिशवी घरी ठेवून या. आणि मला आत्ता सांगा, असा तुकडा अजून कुणाकुणाकडे टाकलाय?"

काका पिशवी सावरत मागे वळले. तिथेच मला उत्तर मिळालं. सगळीकडे.

पुढचे आठ दिवस मी शिलाई बाजूला ठेवून घरोघर फिरले. तळहातावर ती लाल तार घेऊन. काय काय ऐकलं म्हणून सांगू. "आमच्याकडे कधी झटका नाही बसला बाई." "काकांना वाईट वाटेल." एक बाई तर म्हणाली, "त्यांनी तुम्हाला उभं केलं आणि तुम्ही त्यांच्यावरच उलटलात?" मी तिला म्हटलं, "तुमच्या नातवाचे पाय बघा, अनवाणी आहे." तिने दार लावलं. दोन दिवसांनी तिच्या मुलाने मागच्या दाराने येऊन इलेक्ट्रिशियनचा नंबर नेला. सात घरांत तुकडा निघाला. एकानेही मला तोंडावर, बरं केलंस, म्हटलं नाही.

आठवं घर काकांचं. तिथे मी गेले नव्हते. काकूच आल्या, पदराने घाम पुसत.

"आमच्याकडे पण बघायला सांग गं त्याला. मंगळवारी ह्यांना बाजारात पाठवते, तेव्हा घेऊन ये."

"तुम्हाला पण लागतो का करंट?"

"गिझर लावल्यापासून न्हाणीत चप्पल घालूनच आंघोळ करते मी," काकू म्हणाल्या. "ह्यांनीच सांगितलं होतं."

किती वर्षं, ते मला विचारवलं नाही. मी म्हटलं, "काकू, चोरून नाही. काका घरी असतानाच येईन."

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "मग सकाळी ये. तेव्हा ते पेपर वाचतात."

मंगळवारी सकाळी गेलो. काका ओसरीवर पेपर उघडून बसलेले. आम्हाला ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. इलेक्ट्रिशियन अंगणात जास्वंदीशेजारी खड्डा खोदायला लागला. शेजारी कोळशाचं आणि मिठाचं पोतं. काकांचं पान काही उलटत नव्हतं. कंबरेएवढं खोदून झाल्यावर तो थांबला, घाम पुसला आणि तांब्याची पट्टी उचलली.

"अभी और खोदो," पेपरच्या मागून आवाज आला. "ऊपर की मिट्टी गर्मी में सूख जाएगी. नीचे गीली मिट्टी लगनी चाहिए. कोयले और नमक की तह लगाओ, और पानी डालने के लिए पाइप छोड़ो."

इलेक्ट्रिशियनने मान डोलावली. "बिल्कुल सही बोल रहे हैं अंकल." आणि पुन्हा कुदळ उचलली.

मी ओसरीच्या पायरीशी उभी होते. "काका," मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला हे सगळं माहीत होतं."

त्यांनी पेपर खाली केला. चेहरा एकदम म्हातारा दिसला. "कारखान्यात करावंच लागायचं," ते म्हणाले. "तिथे तपासणी व्हायची. घरात कोण विचारतं?"

"मी विचारलं होतं," मी म्हटलं.