फ्रीज करू नको

माझा आवाज मोठा आहे. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत तर जातोच, पण खिडकीबाहेर हायवेवरनं उसाचे ट्रॅक्टर चाललेले असले तरी त्यांच्यावरून जातो. आमचे हे म्हणतात, "तू फोन कशाला लावतेस? दार उघडून बोल, म्हसवडपर्यंत जाईल." मुलं माघारी मला लवंगी मॅडम म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. राग पटकन येतो आणि पटकन जातो, असं मी सगळ्यांना सांगत आले. जातो की नाही हे समोरच्याला विचारायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी उंब्रजकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. कोरोनाच्या पहिल्या वर्षी बारावीचे पेपर संपले आणि चार दिवसांत सगळं बंद झालं. पुढचे प्रवेश लांबत लांबत थंडीवर गेले. एरवी आमच्याकडची मुलं बापाला गाडीवर मागं बसवून कराडच्या सुविधा केंद्रावर जातात आणि तिथला माणूस सांगेल तिथं सही करतात. त्या वर्षी बाप घरातनं बाहेर पडायला तयार नव्हते. मग इंजिनिअरिंगच्या एकोणीस मुलांचे अर्ज मी अंगावर घेतले. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, पलीकडं मुलाच्या हातात फोन, त्याच्यावर आलेला ओटीपी त्यानं वाचायचा आणि मी टाकायचा, असं चाललं होतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका शब्दानं. पहिल्या फेरीत कॉलेज लागलं की मुलापुढं दोन बटणं येतात. एक फ्रीजचं. ते दाबलं की हेच कॉलेज कायम, पुढच्या फेऱ्या बंद. दुसरं बटण दाबलं की हे हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या कॉलेजाची वाट बघायची. मात्र वरचं मिळालं की खालचं आपोआप जातं, मग मागं फिरता येत नाही. हे मी पालकांच्या ग्रुपवर चारदा बोलून टाकलं. तरी एका उसवाल्या पालकाचा फोन आला. "आवं मॅडम, फ्रीज हाय आमच्याकडं, दोन दारांचा. पर त्यापायी पोराची फी माफी तर जायची न्हाई न्हवं?" मी एवढी हसले की हे आतनं बघायला आले.

त्या एकोणीस जणांत एक मुलगी होती, तिच्यासाठी माझा जीव वरखाली व्हायचा. म्हसवडच्या पुढच्या एका वाडीची. दोन वर्षं वसतिगृहात राहून शिकली. गणितात असं डोकं मी वीस वर्षांत दोनदाच बघितलं. वडील फौजेत, तेव्हा सीमेवर, महिनोन्‌महिने सुट्टी नाही. आई वाडीची आशा सेविका. तापाची बंदूक आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन ती घरोघर हिंडायची. गणपतीच्या आसपास तिलाच कोरोना झाला. तालुक्याच्या कोविड सेंटरला अकरा दिवस होती. परत आली, पण चार पावलं चालली की धाप लागायची. घरात दुसरं कुणी नाही. शेळ्या, पाणी, स्वयंपाक, आईची औषधं, सगळं ही पोरगी बघायची, आणि त्यातनं तिनं सीईटीला असे मार्क काढले की मी तिचा निकाल दोनदा तपासला.

तिच्या कॉलेजांची यादी मीच भरली. सगळ्यात वर पुण्याचं सरकारी कॉलेज, कॉम्प्युटर. खाली साताऱ्याजवळचं एक, इलेक्ट्रिकल, आपलं आधाराला असावं म्हणून. ती फोनवर म्हणाली, "मॅडम, पुणं लांब पडंल. लांब नको वाटतंय." मी म्हटलं, "लांब काय गं? एसटीनं पाच तास. ओटीपी सांग आधी, वेळ संपतोय." तिनं सहा आकडे सांगितले आणि अर्ज गेला.

पहिली फेरी लागली. पुणं थोडक्यात हुकलं आणि साताऱ्याजवळचं मिळालं. मी मागच्या वर्षीचे आकडे काढून बसले. पुढच्या फेरीत पुणं तिचंच होतं, मी पैज लावायला तयार होते. तिनं फक्त फ्रीज करायचं नव्हतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत, आणि सकाळपासून तिचा फोन लागेना. वाडीत रेंज नसायची. बिरोबाच्या देवळामागच्या माळावर चढलं तर एखाद-दुसरी कांडी यायची, तीही वारा बरा असला तर. मी दहा मिनिटांनी एकदा फोन लावत होते. हे म्हणाले, जरा खाऊन घे. मी त्यांच्यावर उगीच खेकसले.

सव्वाचारला तिचाच फोन आला. पलीकडं वाऱ्याची घोंघों आणि शेळ्यांचं ओरडणं.

"मॅडम, साताऱ्याचं लागलंय."

"माहितीय मला. नीट ऐक. फ्रीज करू नको. पुढच्या फेरीत पुणं मिळतंय तुला."

खरखर. मग, "मॅडम?"

"फ्रीज करू नको म्हणतेय."

"फ्रीज करू?"

"नको. करू नको. ऐकू येतंय का तुला?"

फोन कट झाला. मी परत लावला, लागला नाही. व्हॉट्सअॅपवर तेच तीन शब्द लिहून टाकले, त्याच्याखाली एकच खूण येऊन बसली. मी फोन टेबलावर ठेवला आणि त्या खुणेकडं बघत राहिले. साडेचार. पावणेपाच. पाच. पाच वाजून दहा मिनिटांनी दोन खुणा झाल्या.

सहाला ती बोलली तेव्हा आवाज अगदी स्वच्छ येत होता. "मॅडम, तुमी म्हणालात तसं केलं फ्रीज, सडकेवरच्या नेटवाल्याच्या दुकानात जाऊन."

मी ओरडले नाही. ओरडायला आवाजच उरला नव्हता. मी तिला विचारलं, मी काय म्हणाले होते? ती म्हणाली, "फ्रीज करू, एवढंच आलं. पुढं खरखर हुती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्कवर मास्क चढवून स्कूटर कराडला नेली. सुविधा केंद्राच्या खिडकीला प्लास्टिकचा कागद लावलेला, आत एक थकलेला माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. रेंज नव्हती, तिला अर्धंच ऐकू आलं, चूक माझी आहे, तिची नाही, काहीतरी करा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मॅडम, ऐकू आलं नाही असा रकाना फॉर्ममध्ये नाही." मी प्लास्टिकवर हात आपटला. मागच्या रांगेतला एक बाप म्हणाला, "बाई, जरा लांब उभ्या राव्हा." मी लांब उभी राहिले. तासभर तिथंच होते. काही होण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी तिच्या आईचा फोन आला. बाई दर वाक्याला थांबून श्वास घेत होती. "मॅडम, मी तिला म्हणलेवते, तू जा पुण्याला, माझं मी बघती. तिच्या वडलांनीबी तितनं सांगितलंवतं. पर तुमचा शब्द म्हणून तिनं दाबलं बटण. तुमच्यावर लय इस्वास तिचा." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही, नुसती दमली होती.

दुसरी फेरी लागली त्या दिवशी मी यादी उघडायची नाही असं ठरवलं होतं. उघडली. पुण्याच्या कॉम्प्युटरची शेवटची जागा तिच्यापेक्षा कमी मार्कांना गेली होती. मी लॅपटॉप मिटला आणि मागच्या दारी जाऊन रडले. वीस वर्षं भांडी घासावीत तशा पोरांच्या चुका घासून काढल्या, आणि ज्या पोरीचं नीट व्हायला हवं होतं तिचंच माझ्या तोंडून वाटोळं झालं, असं मनात बसलं ते बसलंच. वर्गात फळ्यावर उणे चिन्ह काढतानाही ती आठवायची.

मग मी विचार करकरून चूक कुठं झाली ते शोधून काढलं. आपल्या मराठीत 'नको' शेवटी येतो. फ्रीज करू म्हणून झालं आणि तेवढ्यात लाइन गेली की नेमका नकार जातो आणि होकार पोचतो. त्या दिवसापासून मी बोलायची रीतच बदलली. फोनवर आधी नको, मग बाकीचं. नको, फ्रीज नको. नको, ती शाखा नको. सवय एवढी लागली की ह्यांनी चहा विचारला तरी मी म्हणायची, "नको, चहा नको," आणि हे कप ठेवत म्हणायचे, "पोचलं, पोचलं, रेंज हाय." मी हसायची. पण ते का, हे त्यांनाही मी पुरतं सांगितलं नव्हतं.

साडेतीन वर्षं गेली. प्रवेशाचेच दिवस होते. मी स्टाफरूममध्ये एका मुलीशी फोनवर बोलत होते. ती कुंडलची, मामाकडं राहून शिकलेली. मी सांगत होते, "नको. फ्रीज नको. कळलं? नको." ती म्हणाली, "पण मॅडम..." मी म्हटलं, "पण-बिण काही नाही. थांब, कुणीतरी आलंय, पाच मिनिटांत लावते."

दारात ती उभी होती. माझी म्हसवडकडची. अंगानं भरलेली, केस कापलेले, हातात गुळाच्या शेंगदाणा वड्यांचा डबा, आईनं दिलेला. पुण्यात नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. आई कशी आहे विचारलं. "आता बरी हाय. परत वाडी हिंडती." मग हसून म्हणाली, "मॅडम, तुमी असं उलटं का बोलत हुता? नको आधी?"

मी तिला सांगितलं. तिच्यामुळं, त्या खरखरीमुळं. साडेतीन वर्षं मी एकदाही नको नुसता शेवटी ठेवला नाही, हेही सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती डब्याच्या झाकणाकडं बघत बसली.

"मॅडम," ती म्हणाली, "ऐकू आलं हुतं मला."

मी म्हटलं, काय?

"नको म्हणालात ते. दोनदा आलं. फोन मीच ठेवला. आईला चालायला येत नव्हतं तवा. पुणं मिळालं असतं तर सातारा गेलं असतं. साताऱ्यातनं सांजच्या गाडीला घरी येता येत हुतं. आई म्हणायची जा, पप्पा म्हणायचे जा, तुमी म्हणायचा जा. न्हाई कुणाला म्हणू? मग रेंजवर घातलं सगळं. आईपुढं तुमचं नाव केलं, ते लय चुकलं माझं."

मला राग आला. खरंच आला. माझी साडेतीन वर्षं, ती खिडकी, तिच्या आईचा तो दमलेला आवाज, सगळं एकदम वर आलं. मी आवाज चढवूनच विचारलं, "मला सांगायला काय झालं होतं तुला? मी काय खाल्लं असतं का?"

ती घाबरली नाही. मान वर करून म्हणाली, "सांगितलं हुतं की मॅडम. यादी भरताना. लांब नको वाटतंय, म्हणाले हुते. तवा रेंज चांगली हुती."

मला ते आठवलं. शब्दन्‌शब्द आठवला. ओटीपी सांग आधी, असं मी म्हणाले होते. तिचा नकोही मागूनच आला होता, पण पोचला होता. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. लाज वाटली, एवढंच सांगता येईल. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "वडी खावा, मॅडम." आम्ही दोघींनी एकेक वडी खाल्ली.

ती एसटीला गेल्यावर मी कुंडलच्या मुलीला फोन लावला.

"मॅडम, दाबू का मग दुसरं बटण?"

"थांब," मी म्हटलं. "मघाशी तू 'पण' म्हणून काहीतरी सांगत होतीस. ते सांग."

पलीकडं एकदम शांत झालं. मला वाटलं लाइन गेली. फोन कानापासून काढून बघितला, चारही कांड्या होत्या. मी परत कानाला लावला आणि गप्प बसले. बराच वेळ गप्प बसले. मग ती बोलायला लागली.