नापास बुचांचं घर

वाइन बाटल्यांत भरणाऱ्या त्या कारखान्यात एकशे चाळीस माणसं कामाला होती. एकशे एकोणचाळीस जणांना पगार हातांचा मिळे. एकाला नाकाचा. त्याला सगळे नाकवाले म्हणत. पगारपत्रकावरचं त्यांचं खरं नाव पाहून नवा कारकून एकदा विचारत सुटला होता, "हे कोण? कधी कामावर आलेले दिसले नाहीत!"

सकाळी सात वाजता नाकवाले आपल्या खोलीत शिरत. पत्र्याच्या मांडणीवर दोनशे बरण्या, आणि प्रत्येक बरणीत आदल्या दिवशी पाण्यात घातलेली दहा बुचं. विकत आलेल्या बुचांच्या प्रत्येक पोत्यामागे एक बरणी. झाकण उचलायचं, नाक खुपसायचं, एकच श्वास घ्यायचा. "पास." पुढची बरणी. "पास." मग मध्येच मान झटक्याने मागे जायची. "नापास!" नापास म्हणजे बरणीतून भिजलेल्या पुठ्ठ्याचा, तळघरात कुजलेल्या वर्तमानपत्रांचा वास येतोय. असलं बूच बसलं की आतली वाइन कितीही उंची असो, तिला पुठ्ठाच लागणार. हा वास म्हणजे बुचातल्या बुरशीची करणी. त्या पदार्थाच्या पाव थेंबाने पोहण्याचा अख्खा तलाव नासतो, म्हणून त्याच्याशी नाकानेच लढावं लागतं.

नापास पोतं विकणाऱ्याकडे परत जायचं. मागे राहायची बरणीतली दहा बुचं. ती नाकवाले पिशवीत घालून घरी न्यायचे.

घोडं पेंड खात होतं ते इथेच.

कारण फुकटची वस्तू टाकून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी बुचं चिकटवून न्हाणीघरात पायपुसणं केलं. मग स्टूल, मग चहाचं टेबल, आरशाची चौकट, खुंट्या, चपला. मुलगी चार वर्षांची असताना तिला खेळायला घोडा केला. ती आता लग्न होऊन दूर गेली, घोडा खिडकीत उभा राहिला. बायकोने सुरुवातीला एकदाच विचारलं होतं, "अहो, नापास माल ना हा?"

"अगं, वाइनला नापास. स्टुलाचा वास कोण घेत बसतंय?"

तिलाही ते पटलं. पुढे तर ती पाहुण्यांना हाताला धरून घरभर फिरवायची. गेल्या वर्षी बावीस वर्षांच्या कारागिरीचा कळस झाला. नाकवाल्यांनी पलंगाला उशाशी फळी बसवली, अकराशे बुचांची. झोपल्यावर नाकापासून चार बोटांवर.

सहा महिन्यांनी एका हॉटेलातून अकरा पेट्या परत आल्या.

मालकांनी सगळ्यांसमोर बाटली उघडली. पेट्या घेऊन आलेल्या ड्रायव्हरने नाकाला रुमाल लावला. हिशेबनिसांना सर्दी होती, तरी ते दोन पावलं मागे सरले. नाकवाल्यांनी पेला उचलला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "फुलासारखी आहे."

"कुठल्या फुलासारखी?" मालकांनी विचारलं.

"पास आहे मालक."

"नाकवाले, तो ड्रायव्हर ट्रकच्या धुरात जगतो, त्यालासुद्धा पुठ्ठा लागतोय!"

नाकवाल्यांनी पुन्हा हुंगलं, मग आपली बाही हुंगली, मग मालकांचा खांदा हुंगला. कशालाच वास नव्हता.

मालक केमिस्टबाईंकडे वळले. पंचविशीतल्या या बाई प्रयोगशाळा सांभाळत. "बाई, आपण वाइनमध्ये टिकायला गंधक घालतो, गाळायला माती घालतो, कमी पडलं तर आम्ल घालतो. या वासावर घालायला काहीच नाही?"

"घालायला नाही मालक, काढायला आहे. साधं प्लास्टिक. त्याची गुंडाळी वाइनमध्ये बुडवली तर हा वास बराचसा त्याला चिकटतो. पण सोबत चांगला वासही थोडा जातो."

"म्हणजे गिऱ्हाइकाला बाटलीबरोबर कॅरीबॅग देऊ?" मालक चिडून म्हणाले. "ते काही नाही. पुढच्या शुक्रवारी नाकवाल्यांची परीक्षा. तीन पेल्यांतला एक नासका, सहा फेऱ्या. सहाही ओळखले तर बरं. नाहीतर बुचं बंद, बरण्या बंद, सरळ पत्र्याची फिरकीची झाकणं. आणि नाकवाले..." पुढचं त्यांनी गिळलं.

पत्र्याच्या झाकणाला वास नसतो. त्याला नाकवाला लागत नाही. हे समजायला नाकवाल्यांना केमिस्ट व्हायची गरज नव्हती. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. बावीस वर्षांत त्यांनी हातोडीसुद्धा फक्त घरी धरली होती.

गडबडीत ते चष्मा कारखान्यातच विसरून गेले. संध्याकाळी केमिस्टबाई तो द्यायला घरी आल्या. बायकोने दार उघडलं, बाईंनी एक पाऊल आत टाकलं आणि भिंत लागावी तशा जागच्या जागी थांबल्या.

"या ना, बसा," बायकोने स्टूल पुढे केलं. "हे यांनीच केलंय."

बाईंनी स्टुलाकडे पाहिलं. टेबलाकडे, चौकटीकडे, घोड्याकडे पाहिलं. "काका," त्या रुमालातून म्हणाल्या, "ही बुचं... कुठली?"

"नापासातली!" काकांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला. "एकही विकत आणलेलं नाही. आतला पलंग बघाच."

बाईंनी पलंग दारातूनच पाहिला आणि धावत गॅलरीत गेल्या. तिथून त्यांनी समजावलं. हा वास नुसता येत नाही, तो नाकाला गप्प करतो. आणि रात्रभर ज्याच्या उशाशी अकराशे नापास बुचं, त्याच्या नाकाला आता हाच वास म्हणजे स्वच्छ हवा. "काका, तुम्ही पुठ्ठ्यात राहता. माशाला पाणी कसं कळणार?"

"मग आता?"

"आठ दिवस या घराबाहेर राहा. नवे कपडे, नव्या चपला. नाक सुटेल बहुधा."

"आणि माझं घर?" बायकोने विचारलं. तिला बाईंनी प्लास्टिकचं सांगितलं, आणि ते सांगायला नको होतं असं त्यांना पुढे वाटलं.

नाकवाले मेव्हण्याकडे राहायला गेले. मेव्हण्याला आयतंच कोलीत मिळालं. "या भावोजी! ताईने हाकललं ना शेवटी?"

"हाकललं नाही. पलंग बाधला."

"पलंग बाधला! अहो, संसार बाधलेले पाहिलेत, पलंग पहिलाच."

चार दिवस काही झालं नाही. नाकवाले मेव्हण्याच्या घरातला साबण, बूट, कुलूप, मेव्हण्याची झोपलेली बायको, सगळं हुंगून आले. शेवटच्या प्रकाराबद्दल बराच खुलासा करावा लागला. पाचव्या दिवशी सकाळी ते ओरडतच उठले, "तुझे मोजे! मोजे!" मेव्हणा धावत आला तर भावोजी त्याचे मोजे छातीशी धरून रडत होते.

शुक्रवारी सहाच्या सहा फेऱ्या त्यांनी सोडवल्या. पाचव्या फेरीत तर पेले यायच्या आधीच म्हणाले, "डावीकडचा." मालकांनी त्यांना मिठी मारली. "मालक, तुम्ही औषधी गोळ्या बदलल्यात," नाकवाले मिठीतून म्हणाले. मालकांनी पटकन मिठी सोडली. बरण्या वाचल्या, नाक वाचलं. नाकवाले पेढ्या-हारांची वाट न बघता घराकडे पळत सुटले.

बायकोने दार उघडलं. मागे घर चकाकत होतं. आठ दिवसांत तिने स्टूल, टेबल, चौकट, खुंट्या, पलंग, सगळं पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी मारली होती. "बघा," ती म्हणाली, "एक वस्तू टाकली नाही." ती बोलताना हलली तरी घर कुरकुरत होतं.

नाकवाल्यांनी उंबरठ्यावर श्वास घेतला आणि मान झटक्याने मागे गेली.

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या घराचा वास आला होता. त्यांचं तोंड बरणीवर उघडतं तसं उघडलं, पण शब्द बाहेर पडला नाही. तो बायकोला तोंडावरून वाचता आला. तिने दार निम्मं लोटून घेतलं.

त्या दिवसापासून ते गॅलरीत झोपायला लागले. जेवण स्वयंपाकघराच्या खिडकीतून येई, रिकामं ताट त्याच खिडकीतून जाई. दिवसभराच्या गप्पा गजांमधून होत. शेजारीण दबक्या आवाजात विचारायची, "काही झालंय का हो तुमच्यात?"

"छे, भांडण नाही," बायको सांगायची. "नोकरीचा भाग आहे."

तिसऱ्या आठवड्यात पाठदुखी सुरू झाली. कुणाची ते विचारायला नको, दोघांचीही. खिडकीतून वाकून बोलणं सोपं नसतं. एका रविवारी बायको स्टूल घेऊन गॅलरीत आली. प्लास्टिक फाडलं. "घ्या हुंगा. पास असेल ते राहील. नापास जाईल. पण खरं सांगायचं."

"नापास," नाकवाले म्हणाले.

तिने ते जिन्याखाली नेऊन ठेवलं. टेबल नापास. चौकट नापास. खुंट्या एकेक करून नापास. पलंगाची फळी शेजारच्या चौघांनी मिळून उतरवली आणि ती जिन्यात असतानाच नापास झाली. प्रत्येक वेळी बायको नुसती मान हलवायची.

शेवटी तिने घोडा आणला. एक कान तुटलेला, पाठ मुलीच्या बसण्याने गुळगुळीत झालेली. नाकवाल्यांनी तो दोन्ही हातांत धरला. त्याला नाक लावलं. एरवी एका श्वासात निकाल देणारा माणूस, पण या वेळी त्यांनी तीन श्वास घेतले.

"पास," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग घोडा घेऊन ती आत गेली. थोड्या वेळाने आतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. पुरते सात पदर झाल्यावर तिने खिडकीतून हाक मारली, "अहो, या आत. अंथरूण घातलंय."