निर्भीड लेखिका आणि कुलूप

मंडळी, आत्ताच घरी आले. जीव नुसता चडफडतोय, म्हणून लिहितेय.

आज आपल्या संभाजीनगरातच, एका सभागृहात, ‘स्त्रीचं म्हातारपण’ या विषयावर माझं भाषण होतं. माझ्या कादंबऱ्या आणि समीक्षा त्यावरच, म्हणून बोलावलं. सूत्रसंचालकांनी ‘निर्भीड लेखिका’ अशी ओळख करून दिली.

भाषण रंगात आलं आणि पहिल्या रांगेतल्या एक आजी उठून गेल्या. नंतर संयोजक म्हणाले, "मॅडम, बायकांना साहित्यात रसच नाही हो."

बाहेर पडले तर त्या आजी फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभ्या. माझ्यासाठी गंगापूरहून एसटीनं आल्या होत्या.

"राग नका धरू बाई. लई मन होतं ऐकायचं. पण इथं बायांच्या संडासाला कुलूप हाय. सकाळधरनं पाण्याचा घोट घेतला नाय, तरी या वयात दम निघत नाय बघा."

ते कुलूप मला माहीत होतं. भाषणाआधी मीच तिथून परत फिरले होते. मीही सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. मंचावर सगळे पुरुष. पाय आवळून बसले, हार घातला तेव्हा हसलेसुद्धा.

आजी रिक्षात बसून गेल्या.

तासभर माईक माझ्या हातात होता. बाईच्या थकलेल्या देहावर किती बोलले! ‘तेवढी चावी आणा’ एवढं मात्र तोंडून निघालं नाही.

तुमच्या तोंडून निघतं का हो?