दिवाणातली गिटार

डांबरगोळ्यांचा वास आला की मला बेसा भागातल्या आमच्या घरातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. कूलर घरघरत होता आणि मी दिवाणाच्या तळातून आईची जुनी, आतून पोकळ असलेली इलेक्ट्रिक गिटार बाहेर काढली. लग्नाआधी आई ती ऑर्केस्ट्रात वाजवायची. सासरी ते कुणाला रुचलं नाही. "काहून काढली वं? एवढ्या उन्हाळ्यांनी फुटली असन ते," म्हणत आई दारातच थांबली. तारा गंजल्या होत्या, वार्निशला बारीक भेगा पडल्या होत्या. मग आईच पुढे आली, गिटार मांडीवर घेऊन तिच्या पाठीवर बोटाने टकटक केली आणि कान लावला. "सांधा नाही सुटला पोरी, लाकूड चांगलं आहे," ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज एकदम तरुण झाला. संध्याकाळी आम्ही बर्डीच्या बाजारात जाऊन नव्या तारा आणल्या. पहिलाच सूर बेसूर निघाला, बोटं दुखायला लागली. "मले नाही जमत आता," असं म्हणत म्हणत ती वाजवतच राहिली आणि स्वयंपाक तसाच राहिला. हल्ली रविवारी कॉलनीतल्या बायका तिच्याकडे गिटार शिकायला येतात, आणि सगळ्यांचा चहा मी करते.