जनावरे : शून्य

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या परभणीकडच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रस्त्यांच्या कामांवर लक्ष ठेवायची नोकरी मला लागली तेव्हा आई म्हणाली, "आता ठेकेदारांचं काही खरं नाही." पण या नोकरीत मी सगळ्यात जास्त चिडले ती स्वतःवरच.

काम साधं आहे. ठेकेदार रस्ता बांधतो, आणि निधीचा पुढचा हप्ता सुटायच्या आधी आमच्यासारखं कुणीतरी जागेवर जाऊन बघतं, की कागदावर जेवढं झालंय तेवढं मातीवर झालंय का. माझ्याकडे घोटावड्याहून हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्याचं रुंदीकरण होतं. दर महिन्याला तक्ता भरायचा, फोटो लावायचे, सही करायची. मी हिंजवडीत राहते, त्यामुळे सकाळी सगळं जग आत येत असताना मी बाहेर निघायचे. अडकलेल्या कॅबांकडे बघत सुसाट जायचं, यात एक दुष्ट आनंद असतो.

भाद्रपदातली गोष्ट. एका सखल जागी भराव घालायचा होता, पाऊस उघडायची वाट बघणं चाललं होतं. मी फोटो काढत होते, तर मागून आवाज आला, "बाई, हितला बोगदा कुटं गेला?"

साठीची मेंढपाळ बाई. डोक्यावर घोंगडी, हातात काठी, मागे चिखलात उभी तिची मेंढरं. ती म्हणत होती ते खरं होतं. पहिल्या नकाशात तिथे रस्त्याखालून जनावरांसाठी बोगदा होता, गावाला तो दाखवलाही होता. पुढे सुधारित अंदाजपत्रकात तो उडाला आणि त्याचे पैसे चौकातल्या दिव्यांकडे वळले.

"मावशी, मोजणी झाली होती," मी समजावणीच्या सुरात म्हणाले. "सात दिवसांत एकही जनावर इथून गेलं नाही."

"कोण मोजत व्हतं?"

"मीच."

तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. "कवा?"

"जानेवारीत."

"पौषात व्हय," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आगं, भात निघालं की मेंढरं वावरात बसत्यात. खत मिळतंय म्हणून लोक बोलावून बसवत्यात, पार मिरगापतुर. तवा रस्ता कशाला वलांडतील? भात लावलं की मंग हिकडं पाय ठेवायला जागा न्हाई. आखाडापासनं दिवाळीपतुर रोज पल्याड डोंगराला जातुया, सांच्याला माघारी. तू आलीस पौषात, आन म्हणतीस मेंढरं न्हाईत."

 जानेवारीतली ती मेंढरं मी पाहिली होती. मोजणीला बसले होते तिथून समोरच्या वावरात ती बसलेली असायची. दुपारच्या डब्यानंतर मी जाऊन कोकरांचे मोबाईलवर फोटो काढले होते, घरी पाठवले होते. आणि परत खुर्चीवर येऊन 'जनावरे' या रकान्यात शून्य लिहिलं होतं. एवढी शिकलेली बाई, आणि अक्कल गहाण ठेवलेली.

"आता कसं करणार?" मी विचारलं.

"करायचं काय? मधी दुभाजक झाला, वर तुमचा भराव झाला, की संपलं. दोन मेंढ्या आदीच गाडीखाली गेल्यात. दिवाळीला व्यापारी येनार हाय. समदी देऊन टाकते, आन जाते कंपनीत झाडू माराया." तिने हे असं सांगितलं, जसं कुणी उद्या भाजी कुठली करणार ते सांगतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या आढावा बैठकीत मी उभी राहिले. "साहेब, माझी जनावरांची मोजणी चुकली."

साहेबांनी चष्मा काढला. "चुकली कशी? तुमची सही आहे."

"सही आहे म्हणून तर सांगतेय."

मागून कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, मंजुरी झालेली आहे, मेंढरांसाठी फाईल उलटी फिरत नसते. मी म्हणाले, मेंढरांसाठी नको, चुकीच्या आकड्यासाठी फिरवा. आवाज चढलाच माझा, खोटं कशाला सांगू. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मोजा पुन्हा सात दिवस. पण गावात कळता कामा नये, नाहीतर तीच मेंढरं दहादा फिरवतील."

तर मी पुन्हा बसले, छत्री धरून, त्याच खुर्चीवर. मावशीला एक शब्द सांगितला नाही. ती रोज सकाळी जाताना टोमणा मारायची, "काय शून्यवाल्या बाई, आज काय मोजताय?" मी मोजत राहायचे. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

पाचव्या संध्याकाळी मेंढरं निम्मी अलीकडे, निम्मी पलीकडे, आणि हिंजवडीहून सुटलेल्या कॅबांची रांग हॉर्न वाजवत अंगावर आली. एक कोकरू मधोमध बसलं ते उठेना. मी तक्ता टाकला आणि रस्त्यात आडवी उभी राहिले. ड्रायव्हर हिंदीत शिव्या घालत होते, मी मराठीत परत करत होते. मावशीने कोकरू उचललं, कळप पार झाला. मग मी घड्याळ बघून चिखलाच्या हाताने शेऱ्यात लिहिलं : वाहतूक सोळा मिनिटे बंद.

त्या एका ओळीने काम केलं. मेंढरांच्या रकान्यावरून साहेबांची नजर सहज पुढे सरकली, पण सोळा मिनिटांवर थांबली. "रोज?" त्यांनी विचारलं. "आखाड ते दिवाळी, दोन वेळा," मी म्हणाले. कॅबवाल्यांनी मावशीचं भलं केलं आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. दिवे थोडे कमी झाले, बोगदा परत आला, आणि भराव त्याच्यासाठी थांबला. मावशीला सांगायला गेले तर ती एवढंच म्हणाली, "बघू." व्यापाऱ्याला मात्र तिने दिवाळीला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

यंदाच्या आखाडात बोगदा तयार झाला. शेवटचा फोटो काढायला गेले, तर मावशी कळप घेऊन हजर. पुढची मेंढी अंधार बघून अडली, तिच्यामागे सगळ्या अडल्या. मावशी स्वतः आत गेली, मधोमध उभी राहून तोंडाने साद घातली. एक आली, मग दुसरी, आणि मग धबाधबा सगळी सुटली. डोक्यावरून गाड्या चालल्या होत्या, एकीचाही हॉर्न नाही.

पलीकडच्या तोंडाशी उभी राहून ती ओरडली, "मोज की गं. बघ, शून्य भरत्यात का."

मी मोजायला लागले. चाळीसच्या पुढे डोळे भरून आले आणि आकडा चुकला. पुसले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकला. शेवटी ती मेंढरं डोंगराला लागली तेव्हा भरावाच्या उतारावर बसून तक्ता मांडीवर घेतला. कामाची प्रगती : शंभर टक्के. शेरा : वापरात. आणि खाली सही केली, पूर्ण नावाने, ठसठशीत.